फिरती कॅसेट

पार्सलची सुतळी सुटेना, तेव्हा दीक्षानं ती दातानंच तोडली.

"आज कुणाचं आलंय?" भाऊसोंनी आतनं विचारलं.

"शिरोळच्या कल्लाप्पांचं, आबा. त्यांच्या जैन बस्तीतली, देवळातली भजनं हायत. दोनचार कानडीबी हायत."

"लाव की मग."

बापलेक टेपपुढं बसली. टाळ वाजले, एक म्हातारा खड्या आवाजात गायला, मागनं चारपाच जणांनी उचललं. भाऊसोंचं लक्ष गाणाऱ्याकडं नव्हतं. मागनं साथ देणारे आवाज ते एकेक करून चाचपत होते. बाजू संपली तसं त्यांनी डोकं वर केलं.

"ह्यात न्हाय."

"न्हाय, आबा."

दर पार्सलाला हे असंच चालायचं.

फिरत्या कॅसेटींचं हे मंडळ दीक्षानं काढलं होतं. ती मंगळवार पेठेतल्या शाळेत शिकवायची. पेपरात तिनं छोटी जाहिरात दिली होती : घरातली, गावातली गाणी टेप करून पाठवा, बदल्यात दुसऱ्यांची ऐकायला न्या, ऐकून झाली की पोस्टानं परत धाडा. लोकांना कल्पना आवडली. शाहूवाडीच्या चिमणाबाईंनी भात लावतानाची गाणी धाडली. कुणी जत्रेतला पोवाडा पाठवला, कुणी आजीच्या ओव्या. दीक्षा प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला आपल्या आवाजात चार शब्द भरायची : ही कॅसेट कुठनं आली, कोण गातंय, गाव कसं आहे. मग कॅसेट पुढच्या गावाला निघायची.

लोकांना वाटायचं, बाईंना गाण्याचं वेड आहे. वेड होतं ते प्रसेनजीतला. दीक्षाचा थोरला भाऊ. भीमजयंतीला तो गायला उभा राहिला की पलीकडच्या गल्लीतनं माणसं यायची. भाऊसोंनी खटपट करून त्याला महापालिकेत चिकटवायचं ठरवलं, तेव्हा हा एका गायन पार्टीबरोबर निघून गेला. सुरुवातीला सांगलीकडनं, पंढरपूरकडनं खबर यायची. पुढं पार्टी मोडली आणि खबरही थांबली. आई वाट बघत बघतच गेली.

दीक्षाचा हिशेब साधा होता. तो कुठंही असला तरी गायल्याशिवाय राहणार नाही. आणि गायला, तर कधी ना कधी कुणाच्या तरी टेपात सापडणार.

वर्षं गेली. टेप आले, गेले. सापडला नाही.

शेवटी तिनं कपाटातली कॅसेट काढली. एका जयंतीला भरलेली, प्रसेनजीतच्या आवाजाची घरातली ती एकुलती एक कॅसेट. दुकानात नेऊन तिनं तिच्या प्रती करून घेतल्या आणि मंडळातल्या सगळ्यांना एकेक धाडली. आरंभी सांगितलं, "हा माझा भाऊ. हा आवाज तुमच्याकडं कुठं कानावर आला असेल, तर कळवा."

प्रती परत येऊ लागल्या. कल्लाप्पांनी लिहिलं, आवाज सोन्यासारखा आहे, पण ऐकलेला नाही. चिमणाबाईंनी नातीकडनं लिहून घेतलं, ऐकून रडू आलं, पण ठाऊक नाही.

एकच प्रत आली नाही. वारणानगरच्या शिवानीची.

ही शिवानी मंडळात सगळ्यात चिवट आणि सगळ्यात चिकट. स्वतः कधी एक गाणं भरून धाडलं नाही. पत्ता तोही कॉलनीतल्या किराणा दुकानाचा. मागणी मात्र कायम, आणि पुष्कळदा ऐकलेलीच कॅसेट पुन्हा मागायची. दीक्षानं दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. तिसऱ्या कार्डालाही नाही, तेव्हा ती चिडली.

"जाऊ दे की," भाऊसो म्हणाले. "आपली मूळ हाय न्हवं घरात?"

"कॅसेटचं काय न्हाय, आबा. आपल्या माणसाचा आवाज कुणी असा दाबून ठेवायचा?"

रविवारी ती वारणानगरच्या गाडीत बसली. दुकानदारानं घर दाखवलं. कामगारांच्या चाळीतली टोकाची खोली. दारापाशी पोचेपर्यंतच तिच्या कानावर गाणं आलं, आणि पाय जागच्या जागी थांबले. आत प्रसेनजीत गात होता. जयंतीचा फटाका मध्येच वाजला, माणसं हसली, तो पुन्हा गाऊ लागला. कॅसेटच होती ती. तरी दीक्षाला दारातनं आत बघायला क्षणभर धीर होईना.

कडी वाजवल्यावर एक तरणी बाई बाहेर आली. हात पिठाचे.

"मी कोल्हापुरातनं आले. कॅसेट न्यायला."

बाई तिच्याकडं बघतच राहिली. "दीक्षाताई व्हय? आवाजावरनं वळखलं. कॅसेटीवरचं तुमचं बोलणं तर घरात पुन्हापुन्हा वाजतंय. या की, आत या."

"बसायला न्हाय आले. तीन कार्डं टाकली. परत करायची रीत हाय का न्हाय काय तुमच्याकडं?"

"चुकलंच माझं," शिवानी म्हणाली. तिनं टेप बंद केला, तशी भिंतीकडं निजलेली लहान पोरगी उठून बसली आणि तिनं भोकाड पसरलं. शिवानीनं पुन्हा बटण दाबलं. गाणं सुरू झालं. पोरगी टेपजवळ सरकली आणि गप्प झाली.

"बघा की, अशी करती. कसं धाडू सांगा," शिवानी म्हणाली. "तिनं बापाचा आवाज कवा ऐकलाच नव्हता वो."

दीक्षानं चौकट धरली. पोरीचं कपाळ, त्या भुवया. किती वर्षं ती पोस्टाची वाट बघत बसली होती आणि इकडं हे असं होऊन गेलं होतं. घरी जाऊन आबांना काय सांगायचं?

ती उंबऱ्यावरच खाली बसली.

"कवा गेला?" तिनं विचारलं.

"सकाळच्या पाळीला," शिवानी म्हणाली. "कारखान्यातनं येतीलच एवढ्यात. आवाज तेवढा गेला बघा, गळ्याच्या ऑपरेशनात, हिच्या जन्माच्या आधी."