गेटवरची झोप

"थांबण्याचा पगार बुडवायला तुम्ही माणसं झोपवता!" गोदामाच्या गेटवरच्या यंत्रावर हणमंत ओरडला. ट्रकवर तो नवाच होता. रांगेत गाडी थांबली की सीटच ड्रायव्हरला गाढ झोपवायची आणि पाळी आली की उठवायची, मग त्यात किती का दिवस जाईनात.

"झोपेत काम नाही, म्हणून पगार नाही," यंत्र गोड आवाजात म्हणालं.

मागच्या ट्रकमधून सलीमचाचा हसले. "आत घे रे गाडी! माझे केस याच गेटवर पिकलेत."

हणमंतनं ट्रक गेटातच आडवा लावला आणि चावी खिशात टाकली. पाळी जवळ आली म्हणून नुकत्याच उठवलेल्या मागच्या ड्रायव्हरांच्या हॉर्नचा कल्ला उठला. तेवढ्यात चाचांनीही इंजिन बंद केलं.

"मी इथं झोपलेलो असताना पोरीचं बारसं माझ्यावाचून उरकलं," हणमंत यंत्राला म्हणाला. "ते दिवस माझे नव्हते, तर कुणाचे होते? बोल!"