सोबत

क्रांती चौकातल्या सभेत भाषण ठोकून आलेला दिगंबर जेवताना म्हणाला, "त्यांची पोरं वाढतायत. आपल्याला अजून एक पाहिजेच."

तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचलेल्या मीराचा हात तव्यावर भाजला.

"शेजारची शाहेदा उद्या तांबी बसवायला चाललीय. मला सोबत चल म्हणतीय," ती चाचरत म्हणाली.

"जा की! तेवढीच त्यांची कमी होतील," तो हसला.

सकाळी शाहेदाच्या नवऱ्यानं दोघींना आपल्या रिक्षातून दवाखान्यात सोडलं. जाताना तो मीराला म्हणाला, "भाभी, डरो नको."

आत नर्स खेकसली, "पेशंट कोण? सोबत कोण?"

शाहेदानं मीराचा गार पडलेला हात घट्ट धरला.



"पेशंट दोघी. हिच्या घरून फोन आला, तर ही फक्त सोबत."