शंभर सीसीचा जावई

"हौस म्हणून आम्ही पोराला एक मोटरसायकल देऊ," वैष्णवीचे काका नवनाथराव म्हणाले आणि 'साडेतीनशे सीसी' हा आकडा त्यांनी कुळाचे नाव घ्यावे तसा घेतला. सिन्नरच्या त्या बैठकीत हुंडा या शब्दाला बंदी होती, व्यवहाराला नव्हती. काकांचे हे औदार्य त्यांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे वैष्णवीचे वडील देवराम यांच्या, प्रॉव्हिडंट फंडातून वाहणार होते. देवराम फरशीकडे पाहत होते.

मुलगी पाहायला आलेल्या ललितने लाडू बशीत ठेवला. आईला मागे बसवून तो नाशिकहून अकरा वर्षे वापरलेल्या शंभर सीसीच्या गाडीवर आला होता. तो तासिका तत्त्वावर इतिहास शिकवी. विद्यापीठाने त्याला डॉक्टर केले होते आणि महाविद्यालय त्याला तासावर मोजत होते. वैष्णवी त्याला मनापासून आवडली होती. गाडी नाकारली तर मुलगीही जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होते.

"मला नको," तो म्हणाला. "तुम्ही एकदाच घेऊन द्याल, पोसायची मला. आमच्या गाडीचं ऑइल मी बदलतो, प्लग मी पुसतो, ब्रेक शू मी घालतो. पगारात बसणारं वाहन आहे ते."

"म्हणजे चिक्कूच हाय की पोरगा!" नवनाथराव गरजले. "भावकीत तोंड कसं दाखवायचं आम्ही?"

ललितची आई हळूच म्हणाली, "वैष्णवीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या की."

वैष्णवीने सरळ ललितकडे पाहिले. "चेन कधी ताणली होती?"

"दसऱ्याला. पूजेच्या आधी." तो पहिल्यांदाच ओशाळला.

"लय सैल झालीये. गल्लीत शिरलात तेव्हाच कव्हरला घासत होती. पाना-पकड आहे ना?"

पुढची पंधरा मिनिटे पत्रिका, मानपान आणि भावकी ओट्यावर ताटकळत बसली. पदर खोचून वैष्णवी गाडीशी उकिडवी बसली. ललितने चाकाचा नट सैल केला. तिने दोन्हीकडचे बोल्ट मोजून सारखे फिरवले, मग नट आवळून चाकाला हाताने गती दिली. चेन गुळगुळीत धावली. दोघांचे हात काळे झाले होते आणि दोघेही विनाकारण हसत होते.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"ए, कुठं निघाली?"

"ट्रायल घ्यायला, काका."

"गाडीची का पोराची?"

उत्तरादाखल तिने किक मारली. ललित मागे बसला आणि त्याने दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरला. त्याच्या आईने हसू लपवायला पदर तोंडाशी नेला. नवनाथरावांनी मोठ्या अपेक्षेने भावाकडे पाहिले.

देवराम उठले, उंबऱ्यापाशी आले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "पार गोंदेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन या रे! घाई नाय!"