लांब बाह्या

"हातावरचे भाजल्याचे डाग दिसले तर वेंधळा समजतील," म्हणत बायकोने भर उन्हाळ्यात त्याला लांब बाह्यांचा शर्ट कडक इस्त्री करून दिला. तो भट्टीवर काम करायचा ती जुनी बेकरी बंद पडून सहा महिने झाले होते. मुलाखतीला पंचविशीतली पोरं डिप्लोमाच्या फायली घेऊन आलेली. नव्या बेकरीच्या मालकीणबाईंनी त्याचा अर्ज वाचलाच नाही, म्हणाल्या, "बाह्या वर करा." आटोपला कारभार, मनाशी म्हणत त्याने एकच बाही दुमडली. बाईंनी चष्मा लावला. "हा भट्टीच्या दाराचा. हा वरच्या ट्रेचा. आणि हा?" "घाईचा." बाईंनी हसून स्वतःची बाही सरकवली, तिथेही तेच डाग होते. "सोमवारी पहाटे चारला या." त्याचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन त्याने फोन लावला. बायकोला निकाल विचारवेना. "शर्ट चुरगळला नाही ना?" "चुरगळला," म्हणत त्याने दुसरीही बाही दुमडली.