वळलेले तंतू

बॅटरी चार्ज होताना तिच्यातल्या लिथियमच्या पत्र्यावर धातूचे बारीक तंतू उगवतात. वाढत वाढत ते समोरच्या पत्र्याला टेकले, की बॅटरी पेट घेते. ते उगवूच नयेत म्हणून तिने पत्र्याला एक पातळ लेप दिला होता. या लेपापायी तिची तहानभूक हरपली होती. भर दुपारी ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याला डोळे लावून बसली होती.

तंतू उगवलेच. पण समोरच्या पत्र्याकडे न जाता ते तिच्याकडे वळले.

तिने स्टूल पलीकडे सरकवलं. तंतूही हळूहळू तिकडे वाकले. घाईघाईने तिने वीज बंद केली, तरी त्यांची वाढ थांबेना.

"दादा, जरा इकडे येता का?" तिने शेजारच्या टेबलावरच्या तंत्रज्ञाला हाक मारली.

पडदा पाहून तो हसला. "लेप एका बाजूला जाड झाला असेल. भलतंसलतं मनात आणू नकोस. जा, बाहेर फेरी मारून ये. मी बसतो इथे."

ती बाहेर गेली. व्हरांड्यात ती येरझाऱ्या घालू लागली.

"आत्ता डावीकडे गेलीस ना?" उघड्या दारातून त्याचा आवाज आला.

"हो."

"आणि आता उजवीकडे?" आवाजातलं हसू गेलं होतं.

"हो. दादा, तुम्ही बाहेर या बरं."

ती दाराबाहेरच भिंतीला टेकून उभी राहिली.

"आत कधी आलीस?" त्याने आतून हलकेच विचारलं. "अशी माझ्या पाठीला खेटून उभी राहू नकोस."