तिसऱ्या दिवसाची प्रार्थना

"आधी हे," म्हणत नसीफने जाडजूड पुस्तक मुलाकडे सरकवलं. "मग हे पातळ. ही दोन वाचलीस की तुझ्या निम्म्या शंका आपोआप गळून पडतील."

अबनूबने पुस्तकांकडे पाहिलंसुद्धा नाही. आईच्या कोचाशेजारी खुर्ची ओढून तो बसला होता आणि मघापासून तसाच बसून होता. त्या आईला, दमियानाला, पुरून आज तिसरा दिवस. घरात चूल पेटली नव्हती. लोक येत, शेजाऱ्यांनी आणलेली बिनसाखरेची कॉफी पीत, डोळे पुसत आणि जात.

मिन्या शहरातल्या चर्चचं ग्रंथालय नसीफ सांभाळत असे. कॉलेजात कुणी 'एकच देव तीन कसा?' म्हणून त्र्यैक्यावरून छेडलं, कामावर कुणी 'देव माणूस कसा होईल?' असं विचारलं, की पोरंपोरी धावत त्याच्याकडे यायची. नसीफ चष्मा कपाळावर चढवायचा, क्षणभर विचार करायचा आणि नेमकं पुस्तक काढून हातात ठेवायचा. उत्तर नाही असा प्रश्नच नाही, असं तो म्हणायचा, आणि लोकांनाही ते पटायचं. मग त्याचाच मुलगा कैरोला शिकायला गेला आणि आता आपला कशावरच विश्वास उरला नाही असं फोनवर सांगून मोकळा झाला. चर्चच्या आवारात लोक तोंडावर काही बोलले नाहीत. पाठीमागे मात्र खूप बोलले.

त्यानंतर बापलेकांत जे काही बोलणं व्हायचं ते भांडणच. नसीफ एक पुरावा द्यायचा, अबनूब त्याचे तुकडे करून परत पाठवायचा. प्रत्येक वेळी मुलगाच जिंकायचा. पुढे पुढे तो घरी येईनासा झाला. दमियाना दारातल्या प्रत्येक पावलाला कान द्यायची.

शेवटच्या दुखण्यात तिने नसीफचा हात धरून सांगितलं होतं, "माझ्या लेकराला देवाकडे परत आण. एवढी पुस्तकं वाचलीत तुम्ही, त्याला पटेल असं काहीतरी सापडेलच की." नसीफने शब्द दिला होता. अबनूब उद्या सकाळच्या गाडीने निघणार होता, आणि आई गेल्यावर तो या घरात पुन्हा पाऊल टाकेल अशी आशा नसीफला नव्हती. जे करायचं ते आजच.

"हे तिसरं दुःखाबद्दल आहे," तो म्हणाला. "देव असून माणसं का मरतात, याबद्दल."

अबनूब कोचावरची आईची शाल सरळ करत राहिला. ओरडला असता, हसला असता, तरी नसीफला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात शेजारची उम्म मलाक डाळभाताचं पातेलं घेऊन आली. नसीफ खिडकी उघडायला उठलेला पाहून ती दबक्या आवाजात म्हणाली, "राहू द्या हो बंद. अबूना येऊन प्रार्थना करीपर्यंत बिचारी घरातच असते. मग जायचंच आहे तिला."

नसीफच्या कपाळाला आठी पडली. मेलेल्याचा आत्मा तिसऱ्या दिवसापर्यंत घरात घुटमळतो आणि अबूना, म्हणजे पाद्री, धूप फिरवून त्याला निरोप देतात, या बायकी खुळाविरुद्ध तो जन्मभर भांडत आला होता. त्यावर त्याने स्वतः एक पुस्तिका लिहून, छापून, फुकट वाटली होती. पण पातेलं घेऊन आलेल्या बाईला काय बोलणार? खिडकी न उघडताच तो खाली बसला.

संध्याकाळी अबूना बाखूम आले. मागे धुपाटणं घेतलेला चर्चचा सेवक. नसीफ उठायच्या आधीच अबनूब दाराशी पोहोचला आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला.

"अबूना, आज नको."

"अरे बाळा, आज तिसरा दिवस आहे."

"उद्या करा. परवा करा. मी जात नाही उद्या, थांबतो." त्याचा आवाज फाटला. "तुम्ही धूप फिरवलात की ती निघून जाईल. इतकी वर्षं मी तिला भेटायला आलो नाही, अबूना. मला तिच्याशी बोलायचंय. अजून एक दिवस राहू दे ना तिला!"

म्हाताऱ्या अबूनांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग सेवकाला धुपाटणं बाजूला ठेवायला सांगितलं आणि झगा सावरत ते तिथेच जिन्याच्या पायरीवर टेकले.

"बोल तू," ते म्हणाले. "मला काही घाई नाही. मी इथेच बसतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुलगा असं काही बोलला होता, ज्याचं पक्कं, तोंडपाठ उत्तर नसीफजवळ होतं. यावर कुणी त्याला हरवू शकत नव्हतं. तो लगबगीने आत गेला, आपली पुस्तिका घेऊन आला आणि पानं उलटू लागला.

"तसं नसतं रे राजा. याला शास्त्रात काडीचाही आधार नाही. आत्मा त्याच क्षणी जातो, घरात थांबत नाही. ही प्रार्थना मागे राहिलेल्यांच्या समाधानासाठी असते. हे बघ, इथे सगळं पुराव्यानिशी..."

"नसीफ, गप्प बस!" अबूना पायरीवरून ओरडले.

अबनूबने मान वळवून आईच्या कोचाकडे पाहिलं.

"म्हणजे ती इथे नाही?"

"नाही," नसीफ म्हणाला. त्याचं बोट अजून ओळीवर होतं.

अबनूबचे हात चौकटीवरून खाली आले. तो बाजूला झाला.

"या अबूना, उरकून घ्या," तो म्हणाला. "बाबांचं पटलं मला. इथे कोणीच नाही."