मांजराचं वजन

मोनाली मॅडमनी पिल्लाचं पोट चाचपलं. अंगावर मूठभर मांस नाही आणि पोट मात्र टम्म फुगलेलं.

"जंत आहेत, मावशी. गच्च भरलेत."

"ठावं हाय मले," बुधरी म्हणाली. "काल ओकलं त्यात शेवयेवाणी वळवळत होते. औषध द्या."

एटापल्लीकडच्या त्या आठवडी बाजारात महिन्यातून एकदा गुरांच्या दवाखान्याचं टेबल लागायचं. मॅडमपाशी शेळ्यांचं जंताचं औषध होतं आणि ते फुकट होतं. मांजराचं वेगळं औषध अहेरीच्या दुकानात मिळालं असतं, पण औषधाची किंमत आणि वर एसटीचं भाडं टोपलीभर मोहफुलं विकूनही निघण्यासारखं नव्हतं. पिल्लू बुधरीने कुत्र्यांच्या तोंडातून ओढून काढलं होतं. कुत्र्यांपासून वाचलेलं जंतांनी न्यावं, हे तिला मुळीच मंजूर नव्हतं.

"हेच देते. पण वजनावर द्यावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "एवढ्याशा जिवाला जास्त झालं तर सोसणार नाही. कमी पडलं तर जंत मरणार नाहीत आणि मी परत येईपर्यंत हे टिकणार नाही. तो काय, समोर तराजू आहे. वजन करून आणा."

मॅडम बदली होऊन नव्यानेच आलेल्या. त्यांना काय ठाऊक! बुधरीचा चेहरा पडला.

समोर चिंचेखाली धनराजशेठ मोह विकत घ्यायला बसला होता. घरून भरघोस निघालेली टोपली त्याच्या तराजूवर चढली की अंग चोरायची. हे पंचक्रोशीला माहीत होतं. पण मोह घेणारा तोच एकटा, तेव्हा मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

बुधरी रांग सोडून पुढे घुसली. बाया कुरकुरल्या, पण पिल्लू पाहून त्यांनी वाट दिली. धनराजने हसून पारडं पुढे केलं. तसा तो माणूस वाईट नव्हता. वाईट होता तो तराजूपुरता.

"काय भाव देतेस मांजर?"

"विकाचं नाई. वजन पाहून याले औषध द्याचं हाय. चुकलं तर मरन."

"मंग ठेव ना."

बुधरीने पिल्लू छातीशी धरलं. "भाऊ, मोहावालं वजन नोको. खरं सांगजो."

धनराजचे कान लाल झाले.

"काऊन? माहा काटा खोटा हाय का?"

"मी काई म्हणलं नाई. तू सांगशीन त्याच हिशेबानं मॅडम औषध देतीन. मंग हे जगो का मरो, तुह्या भरवशावर."

बोलून गेली आणि मग तिला आपली टोपली आठवली. हा बिथरला तर आजचा मोह परत डोक्यावर घेऊन घर गाठायचं.

धनराजने पिल्लाकडे पाहिलं. त्याच्यात डोळे उघडे ठेवायचंही त्राण नव्हतं. मग त्याने रांगेकडे पाहिलं. खाली मान घालून वजनांचं पारडं उचललं, त्याच्या बुडाला चिकटवलेला चुंबकाचा जाड तुकडा नखाने ओढून काढला आणि खिशात टाकला. सगळ्यांनी पाहिलं. पिल्लू त्याने स्वतःच्या हाताने पारड्यात ठेवलं, बारकी बारकी वजनं काढली, घातली, आणि दांडी ठरेपर्यंत श्वास धरून बसला.

"साडेसातशे," तो हळूच म्हणाला. "बरोब्बर साडेसातशे ग्राम. जाय, बिनघोर दे."

बुधरी धावतच टेबलाशी गेली. मॅडमनी सिरिंजमध्ये इतकुसं औषध ओढलं आणि पिल्लाच्या ओठाच्या कडेने आत सोडलं. पिल्लाने तोंड वाकडं केलं, गिळलं, एक शिंक दिली आणि मॅडमच्या अंगठ्याला कचकन दात लावले.

"आई गं! चावतंय की," मॅडम हसल्या. "अहो, जोर आहे अजून याच्यात. उद्या-परवा जंत पडतील, घाबरू नका. जगेल हे."

बुधरी तिथेच मातीत बसली. तिला हसू येत होतं आणि डोळे काही थांबत नव्हते. पिल्लू तिच्या पदरात शिरून औषधाचं तोंड पुसत होतं. किती बरं वाटलं म्हणून सांगावं!

समोर तराजूपाशी रांगेतल्या वच्छलाची पाळी आली होती. तिने आपली टोपली पारड्यात रिती केली. धनराजचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"राहू दे, भाऊ," वच्छला म्हणाली. "हे बी मांजरच समज."